राणीच्या राज्यातला पोलीस आणि जन्मावरून ठरलेला गुन्हेगार

'नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला!' २०२५ च्या ऑक्टोबर महिन्यात ही घोषणा नाशिक शहरात घराघरात पोहोचली. पोलिसांनी उचलून आणलेले लोक हात जोडून, मान खाली घालून कॅमेऱ्यासमोर ही घोषणा देत होते आणि त्याच्या चित्रफिती मोबाईलवर गावभर फिरत होत्या. त्यात राजकीय पक्षांचे पदाधिकारीही होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या इंदिरानगरातही वाजवल्या. बंगल्यांच्या कॉलनीत वाजवल्या, तशा झोपडपट्टीतही वाजवल्या.

टाळ्या वाजवणाऱ्यांना आम्ही दोष देत नाही. शहरातल्या खुनांनी, कोयते नाचवणाऱ्या टोळक्यांनी लोक वैतागले होते. गुन्हेगारीचा पहिला मार झोपडपट्टीतल्या माणसालाच बसतो, हे आम्हाला कोणी शिकवायला नको. क्लासवरून पोरगी घरी येईपर्यंत ज्या आईचा जीव टांगणीला लागतो, तिला पोलीस हवाच आहे. आमचा प्रश्न वेगळा आहे. ज्याच्यावरचा खटला न्यायालयात उभाही राहिलेला नाही, त्याच्या तोंडून घोषणा वदवून घेण्याचा अधिकार कोणत्या कलमात लिहिला आहे? आज ज्याच्यासाठी टाळी वाजली, त्याच्या जागी उद्या आपल्या वस्तीतला पोरगा उभा केला तर? आणि मुळात ही पोलीस यंत्रणा कोणी, कोणासाठी आणि कोणत्या भीतीपोटी बांधली?

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू झाले. गुलामीच्या खुणा पुसल्या, इंग्रजांचे कायदे गेले, असा मोठा गाजावाजा झाला. १८६० चा दंडविधान गेला, १८७२ चा पुरावा कायदा गेला. कलमांचे आकडे बदलले आणि आम्हा वकिलांना नवी पुस्तके घ्यावी लागली. पण त्या कायद्यांबरोबर इंग्रजांनी जो पोलीस घडवला, त्याचे काय झाले, यावर कोणी चकार शब्द काढला नाही. म्हणून व्हिक्टोरिया राणीच्या काळात, म्हणजे १८३७ ते १९०१ या काळात, वाचकांना थोडे मागे नेणे भाग आहे.

लंडनचा पोलीस रॉबर्ट पीलने १८२९ मध्ये उभा केला. त्याच्या हाती बंदूक दिली नाही, लाकडी दंडुका दिला. कारण समोरचा माणूस स्वतःला नागरिक म्हणवत होता आणि पोलीस म्हणजे लष्कर नव्हे, हे त्याला पटवून द्यायचे होते. पण शेजारच्या गुलाम आयर्लंडमध्ये याच राज्यकर्त्यांनी बराकीत राहणारा, बंदूकधारी, निमलष्करी पोलीस ठेवला. हिंदुस्थानात यातला कोणता आला? चार्ल्स नेपियरने १८४३ मध्ये सिंध जिंकला आणि तिथे आयर्लंडच्या धर्तीवर पोलीस दल उभारले. तोच नमुना पुढे मुंबई इलाख्याने उचलला. १८६० चा पोलीस आयोग आणि १८६१ चा पोलीस कायदा त्याच वळणाचे. मुंबई इलाख्याने १८६७ आणि १८९० मध्ये आपले स्वतंत्र कायदे केले आणि त्यांच्याच वंशातला १९५१ चा मुंबई पोलीस कायदा आज महाराष्ट्र पोलीस कायदा या नावाने चालू आहे. म्हणजे मालकाच्या घरी एक पोलीस आणि गुलामाच्या घरी दुसरा. आपल्या वाट्याला दुसरा आला.

आता गुन्ह्याकडे वळू. १८६२ च्या जुलै महिन्यात लंडनच्या प्रतिष्ठित रस्त्यावर एका खासदाराला गळा आवळून लुटण्यात आले. रस्त्यावरची लूटमार लंडनच्या गरिबांना नवी नव्हती, पण खासदार लुटला गेल्यावर वर्तमानपत्रांनी आकाश डोक्यावर घेतले. सभ्य माणसांनी रात्री बाहेर पडावे की नाही, यावर रकानेच्या रकाने भरले. परिणाम काय झाला? १८६३ मध्ये पार्लमेंटने अशा लुटारूंना फटके मारण्याचा कायदा केला. इकडे हिंदुस्थानात १८६४ मध्ये फटक्यांच्या शिक्षेचा स्वतंत्र कायदा आला. भीती वरच्या वर्गाची, फटके खालच्या वर्गाच्या पाठीवर. आमच्या इंदिरानगरात सकाळी फिरायला निघालेल्या एखाद्या बाईच्या गळ्यातली सोनसाखळी ओढली जाते. गुन्हा गंभीरच आहे, त्या बाईचा गळाही चिरू शकतो. पण त्यानंतर कोम्बिंग ऑपरेशन कुठे होते? कॉलनीत कधी झालेले आम्ही पाहिले नाही. ते वस्तीत होते. चौकात उभा असलेला पोरगा टवाळखोर ठरतो. त्याच्याच वयाचा कॉलनीतला पोरगा कट्ट्यावर गाडी लावून बसला असेल, तर तो मित्रांशी गप्पा मारत असतो!

मात्र लंडनची गोष्ट इथपर्यंतच आपल्यासारखी आहे. पुढे वाट फुटते, आणि ती कुठे फुटली हे ज्याला कळले त्याला या देशातला पोलीस कळला. १८६९ मध्ये इंग्लंडने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. त्यात पोलिसांची पाळत कोणावर? ज्याला न्यायालयाने एकापेक्षा अधिक वेळा दोषी ठरवून शिक्षा दिली, त्या माणसावर. कायदा कडक होता, गरिबांवरच चालला, पण निदान त्याला एक दोषसिद्धी लागत होती, एक माणूस लागत होता. दोनच वर्षांनी, १२ ऑक्टोबर १८७१ रोजी, हिंदुस्थानात गुन्हेगार जमाती कायदा झाला. त्याला दोषसिद्धीही लागत नव्हती आणि माणूसही लागत नव्हता. सरकारने एक अधिसूचना काढायची, की अमुक जमात गुन्हेगार आहे. झाले. त्या जमातीत आज पहाटे जन्मलेले मूलही त्यात आले. जमातीच्या लोकांची पोलिसांच्या वहीत नोंद, गाव सोडायचे तर पास, पासाशिवाय सापडला तर कैद आणि फटके. आणि या अधिसूचनेच्या वैधतेवर कोणत्याही न्यायालयाने प्रश्न विचारायचा नाही, अशी त्या कायद्यातच सोय. याच कायद्याच्या दुसऱ्या भागात तृतीयपंथीयांचीही वही ठेवायला सांगितले होते.

ही कल्पना साहेबाच्या डोक्यात आली कुठून? या कायद्याच्या समर्थनार्थ तेव्हा जो युक्तिवाद झाला त्याचे सार असे होते, की या देशात धंदा जातीने चालतो. विणकराचा मुलगा विणकर होतो, सुताराचा सुतार होतो. म्हणून गुन्हेगाराचा मुलगा गुन्हेगारच होणार. वाचकहो, हा युक्तिवाद लंडनमध्ये शिकवला जात नव्हता. कर्म जन्माने ठरते, ही शिकवण या मातीत कोणी पेरली ते सांगण्याची गरज नाही. साहेबाने मनूचा हिशेब घेतला आणि त्याला अधिसूचना क्रमांक दिला, एवढेच. मद्रास इलाख्यात तर त्याआधीच, १८१६ च्या एका रेग्युलेशनने, किरकोळ गुन्ह्यासाठी खालच्या जातीच्या माणसाला खोड्यात अडकवण्याचा अधिकार गावच्या प्रमुखाला देऊन टाकला होता. वरच्या जातीच्या माणसाला खोडा नाही. राज्य ईस्ट इंडिया कंपनीचे, शिक्षेचे कोष्टक मात्र स्मृतीतले!

विशेष म्हणजे तेव्हा व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदामंत्री होता जेम्स फिट्झजेम्स स्टीफन. त्याच्याच कारकिर्दीत गुन्हेगार जमाती कायदा झाला आणि १८७२ चा पुरावा कायदाही त्यानेच तयार केला. त्या पुरावा कायद्यात पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येणार नाही, असे कलम आहे. का? कारण १८५५ च्या मद्रासच्या छळ चौकशी आयोगापासून राज्यकर्त्यांना पक्के ठाऊक होते, की हा पोलीस मारझोड करून जबाब घेतो. म्हणजे एका हाताने सांगितले की पोलिसाच्या शब्दावर एका माणसालाही शिक्षा देऊ नका, आणि दुसऱ्या हाताने आख्ख्या जमाती त्याच पोलिसाच्या वहीत टाकल्या. पंचवीसावे कलम आज साक्ष्य अधिनियमाचे तेविसावे कलम झाले आहे. ते राहिले याचा आम्हाला आनंद आहे. ते अजून लागते याचे दुःख आहे.

इथे आम्हाला अंगुलिमाल आठवतो. माणसे मारून त्यांची बोटे गळ्यात घालणारा. तो कोणत्या गुन्हेगार जमातीचा होता? बौद्ध परंपरा सांगते, की तो कोसलच्या राजपुरोहिताचा मुलगा होता, ब्राह्मण होता. म्हणून कोणी ब्राह्मणांची वही ठेवली नाही, आणि ठेवायलाही नको होती. पसेनदी राजा घोडेस्वार घेऊन त्याला पकडायला निघाला, तेव्हा तथागतांनी त्याला भिक्खूसंघात बसलेला दाखवला. जन्माने कोणी वृषल होत नाही, हे अडीच हजार वर्षांपूर्वी ज्या देशात सांगितले गेले, त्याच देशात हा कायदा ८० वर्षांहून अधिक काळ चालला.

मुंबई इलाख्याला हा कायदा १९११ च्या दुरुस्तीनंतर लागू झाला. पण त्याआधी आपल्याकडे सगळे आलबेल होते असे नव्हे. आमच्या नाशिक जिल्ह्याचेच पाहा. सिन्नर तालुक्यातल्या नांदूर शिंगोट्याचा भागोजी नाईक हा भिल्ल पूर्वी अहमदनगरच्या पोलिसात अंमलदार होता. १८५५ मध्ये दंगा आणि पोलिसांना अडथळा केल्याच्या आरोपावरून त्याला शिक्षा झाली. ती भोगून बाहेर आला, तरी सरकारचे समाधान झाले नाही. वर्षभर चांगल्या वर्तणुकीची हमी द्या, म्हणून त्याला बांधून घेतले. हमीची मुदत संपली आणि भागोजीने गाव सोडून आपल्या जातभाईंना गोळा केले. ४ ऑक्टोबर १८५७ रोजी पोलीस अधीक्षक लेफ्टनंट हेन्री नांदूर शिंगोट्याजवळ त्याच्यावर चालून गेला आणि मारला गेला. पुढे दोन वर्षे सिन्नर-संगमनेरचे डोंगर धुमसत राहिले. १८५९ च्या नोव्हेंबरात मिठसागऱ्याजवळ फ्रँक साउटरच्या पोलिसांनी भागोजीला ठार केले. हाच साउटर १८६४ मध्ये मुंबई शहराचा पोलीस कमिशनर झाला आणि १८८८ पर्यंत त्या खुर्चीवर राहिला. सिन्नरच्या माळावर भिल्लांची शिकार करून जो अनुभव मिळाला, तो राजधानीच्या शहराला पोलीस म्हणून देण्यात आला. पाठ्यपुस्तकात भागोजीला फार तर एक ओळ मिळते. वर्तणुकीच्या हमीची गोष्ट तर कोणीच सांगत नाही, आणि आमच्या मते खरी गोष्ट तीच आहे. तिच्याकडे आम्ही पुन्हा येऊ.

साउटरची कारकीर्द संपली त्याच १८८८ साली लंडनच्या व्हाइटचॅपल या गरीब वस्तीत ऑगस्टअखेर ते नोव्हेंबर या काळात पाच स्त्रियांचे अमानुष खून झाले. खुनी सापडला नाही, आजतागायत नाही. त्यावर शेकडो पुस्तके आणि सिनेमे निघाले, पण आमच्या कामाची गोष्ट वेगळी आहे. त्या स्त्रिया गरिबातल्या गरीब, समाजाने टाकलेल्या. तरीही त्या वस्तीतल्या लोकांनी दक्षता समिती काढली, वर्तमानपत्रांनी पोलिसांची सालटी काढली, गृहमंत्र्याला जाब विचारला. पोलीस कमिशनर चार्ल्स वॉरेन याने नोव्हेंबरात राजीनामा दिला. तो गृहखात्याशी झालेल्या वादावरून दिला हे खरे, पण खुर्ची हलवण्यात या जनक्षोभाचा वाटा होता. याच वॉरेनने आदल्या वर्षी, १३ नोव्हेंबर १८८७ रोजी, ट्रॅफल्गार चौकात कामगार आणि बेकारांच्या मोर्चावर पोलीस आणि लष्कर घातले होते, हे लंडनचा कामगार विसरला नव्हता. आणि एक गोष्ट त्याच्या बाजूचीही सांगितली पाहिजे. खुनाच्या रात्री भिंतीवर ज्यूंविषयी खडूने लिहिलेला मजकूर सापडला. तो वाचून ज्यूंच्या वस्तीवर हल्ला होईल, म्हणून वॉरेनने तो पुरावा पुसून टाकायला लावला. वकील म्हणून आम्हाला ते पटत नाही. फोटो काढून पुसायला हवा होता. पण अल्पसंख्य वस्ती जळू नये म्हणून स्वतःवर ठपका घेणारा पोलीस अधिकारी आमच्या तरी फारसा पाहण्यात नाही.

आता सांगा, त्याच काळात दख्खनच्या एखाद्या गावकुसाबाहेर महारा-मांगाच्या बाईचा खून झाला असता, तर कोणत्या कमिशनरची खुर्ची हलली असती? गावात फिर्याद घेणारा पोलीस पाटील कोणाच्या जातीचा, पंच कोणाच्या जातीचे, तालुक्याचा फौजदार आणि कारकून कोणत्या जातीचे, हे महात्मा फुल्यांच्या काळापासून सर्वांना माहीत आहे. आणि खुद्द महार त्या व्यवस्थेत काय करत होता? पोलिसाचेच काम! रात्रीची गस्त त्याने घालायची, चोराचा माग त्याने काढायचा, सरकारी खजिन्याबरोबर तो चालायचा, बेवारस प्रेताची राखण तो करायचा, साहेबाच्या घोड्यापुढे तो धावायचा. चोवीस तासांची चाकरी, पगार नाही, गणवेश नाही. १८७४ च्या वतन कायद्याने ही वेठ पक्की केली. बोधिसत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात त्यावर बिल आणले, ते याच कारणासाठी. पण तोच महार पोलीस शिपाई व्हायला गेला की दार बंद. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकाराने दख्खनच्या महारांनी भारतमंत्र्याकडे अर्ज केला, त्यात लष्कराबरोबर पोलीस शिपायाची नोकरीही मागितली होती. सायमन कमिशनपुढच्या निवेदनात बाबासाहेबांनी पुन्हा तेच मागितले. स्टार्ट समितीत ते स्वतः सभासद होते. तिच्या १९३० च्या अहवालात अस्पृश्यांच्या पोलीस भरतीचा विषय आहे. त्या समितीचे अध्यक्ष स्टार्ट हेच मुंबई इलाख्यातल्या गुन्हेगार जमातींच्या वसाहतींचे अधिकारी राहिले होते. इतिहासाचे धागे असे एकमेकांत अडकलेले असतात.

राणी गेल्यावर फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालच्या पोलीस आयोगाने १९०३ मध्ये लिहून ठेवले, की हा पोलीस अकार्यक्षम, भ्रष्ट आणि जुलमी आहे. म्हणजे मालकानेच दाखला दिला. त्यानंतर प्रशिक्षणाची शाळा निघाली, ती १९०९ मध्ये पुण्याहून नाशिकला आली, आणि तीच आजची त्र्यंबक रस्त्यावरची महाराष्ट्र पोलीस अकादमी. आज तिथून आपल्या समाजाचेही फौजदार बाहेर पडतात, आरक्षणामुळे पडतात, आणि त्यांच्या खांद्यावरचे तारे पाहून आम्हाला अभिमान वाटतो. 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय' हे महाराष्ट्र पोलिसांचे ब्रीद. सत् कोण आणि खल कोण, हे ठरवणारी वही मात्र जुनीच राहिली.

गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला आणि त्या जमाती विमुक्त म्हणवल्या गेल्या. १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांचा मुंबई कायदा आला. १८९४ च्या तुरुंग कायद्याखालच्या नियमावल्यांमध्ये झाडूकाम कोणत्या जातीच्या कैद्याला आणि स्वयंपाक कोणत्या जातीच्या, हे इतकी वर्षे लिहिलेले होते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ते घटनाबाह्य ठरवले आणि विमुक्तांना सवयीचे गुन्हेगार समजण्यावर कोरडे ओढले. त्याच वर्षी मे महिन्यात पोलिसांच्या हिस्ट्रीशीटबद्दलच्या एका दिल्लीतल्या प्रकरणात याच न्यायालयाने सांगितले, की मागास समाजातल्या निरपराध लोकांची नावे त्यात यांत्रिकपणे चढवू नका. स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनी हे सांगावे लागले.

आणि परभणी? १० डिसेंबर २०२४ रोजी संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, दुसऱ्या दिवशी बंद झाला, दगडफेक झाली, आणि पोलीस वस्तीत घुसले. पकडलेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी होता. कायद्याचा विद्यार्थी. वडार समाजाचा, म्हणजे विमुक्त जातीचा. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत तो गेला. शवविच्छेदनात अंगावर अनेक जखमा निघाल्या. पोलिसांवर गुन्हा नोंदवा हे सांगायला ४ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाचे औरंगाबाद खंडपीठ लागले, आणि त्याविरुद्ध सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले! ३० जुलैला तिथेही सरकारचे काही चालले नाही. वस्तीतल्या पोराला उचलायला एक संध्याकाळ पुरते. वर्दीतल्या माणसावर कागद करायला सात महिने आणि दोन न्यायालये.

आता भागोजीच्या हमीकडे येऊ, कारण ती अजून वाटली जाते. चौदा एप्रिल जवळ आला, निवडणूक लागली, की आमच्याकडे वस्तीतली पोरे कागद घेऊन येतात. वस्तीत त्याला चॅप्टर केस म्हणतात. पूर्वी कलम १०७ आणि ११० असे, आता नागरिक सुरक्षा संहितेचे १२६ आणि १२९. शांतता राखण्याची हमी एक वर्षापर्यंत, चांगल्या वर्तणुकीची तीन वर्षांपर्यंत. नाशिक शहरात पोलीस आयुक्तालय असल्यामुळे ही चौकशी करणारा कार्यकारी दंडाधिकारी हाही पोलीस अधिकारीच असतो. फिर्याद पोलिसाची, निवाडाही पोलिसाचा. त्यापुढची पायरी तडीपारी: पोलीस कायद्याची कलमे ५५ ते ५७, मुदत दोन वर्षांपर्यंत. साक्षीदार गुप्त, नाव नाही, तारीख नाही. तडीपार पोराची नोकरी जाते, परीक्षा बुडते, आणि तो खरोखरच्या टोळीच्या हाती लागतो. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात बजावले, की तडीपारी हा असाधारण उपाय आहे, तो नागरिकाच्या संचारस्वातंत्र्यावर घाला घालतो, ऊठसूट वापरता येणार नाही.

पोरे काय करतात? कागद न वाचता सही करतात, हमी देऊन मोकळी होतात. ती सही पुढच्या वेळी त्यांच्याविरुद्धच पुरावा म्हणून दाखवली जाते. कलम १३० प्रमाणे मिळालेल्या माहितीचा सारांश लेखी दिलाच पाहिजे. दिला नसेल तर मागावा. कलम १३५ ची चौकशी सहा महिन्यांत पुरी व्हावी लागते. तडीपारीच्या नोटिशीत आरोपांचे सर्वसाधारण स्वरूप असलेच पाहिजे, आपले साक्षीदार आणि वकील देण्याचा हक्क कलम ५९ मध्ये आहे, आणि आदेश निघालाच तर ३० दिवसांत राज्य शासनाकडे अपील होते. पोलिसांच्या गैरवर्तनाविरुद्ध तक्रार प्राधिकरणाची तरतूदही २०१४ च्या दुरुस्तीने कायद्यात आली आहे. वस्तीत ती फार थोड्यांना माहीत आहे.

इंदिरानगर, वडाळा आणि पाथर्डी फाटा परिसरातल्या ज्या तरुणांकडे अशा नोटिसा आल्या असतील, त्यांनी त्या फाडून टाकू नयेत की घरच्यांपासून लपवू नयेत. शिपाई सही मागेल तेव्हा सहीशेजारी आपल्या हाताने तारीख आणि वेळ लिहावी, एक प्रत ठेवून घ्यावी आणि रविवारी वंदनेनंतर विहारात घेऊन यावी. सुनावणीची तारीख उलटून गेलेली असली तरी आणावी.